सोळाशे मीटरची उधारी

१९ जानेवारी २०२५ च्या सकाळी बीड–परळी रस्त्यावर घोडका राजुरीजवळ पोलीस भरतीचा सराव करणाऱ्या तीन तरुणांना एसटी बसने चिरडले. त्याच वर्षी ७ ऑगस्टला गडचिरोली–आरमोरी रस्त्यावर काटली गावापाशी पहाटे व्यायामाला निघालेल्या मुलांच्या अंगावर ट्रक गेला आणि चौघे दगावले. त्याआधी जून २०२४ मध्ये ठाणे जिल्ह्यातल्या बाळेगावला राज्य राखीव पोलीस दलाच्या भरतीत पाच किलोमीटर धावताना एक उमेदवार कोसळला, तो उठलाच नाही. त्याच्याही आधी, ऑगस्ट २०२२ मध्ये, औरंगाबादेत अग्निवीर भरतीच्या धावेत विशीतल्या एका मुलाचा असाच अंत झाला.

या बातम्या आपण वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या पानांवर वाचल्या. एक अपघात म्हणून, दुसरी दैवगती म्हणून. चार दिवस हळहळलो आणि विसरलो. पण खातेवहीत आकडे एकाखाली एक मांडावेत तशा त्या मांडल्या की बेरीज एकच येते. महाराष्ट्रातला तरुण वर्दीसाठी धावतो आहे, आणि त्याने कुठे, कसे, किती दिवस धावावे हे पाहणारे कोणी नाही. परीक्षा घ्यायला सरकार आहे. तयारी मात्र ज्याची त्याने, जमेल तिथे आणि जमेल तशी करायची.

महालात राहणाऱ्याला हा तरुण चांगला ओळखीचा आहे. बडकस चौकापासून गांधी गेटपर्यंतच्या गल्ल्यांमध्ये भाड्याच्या खोल्यांत राहणारी मुले पुष्कळ. कोणी उमरेडकडचा, कोणी भिवापूरचा, कोणी थेट गोंदिया-गडचिरोलीचा. दिवसा अभ्यासिका, रात्री खानावळ आणि पहाटे साडेचारला बुटांचा आवाज. कुत्री मागे लागतात म्हणून तिघे-चौघे मिळून निघतात आणि शुक्रवारी तलावाला वळसा घालून रेशीमबागेची वाट धरतात. ज्या महालातून अठराव्या शतकात रघुजी भोसल्यांच्या फौजा ओरिसा-बंगालपर्यंत गेल्या, तिथून आज निघणारी ही फौज नि:शस्त्र आहे आणि तिची मोहीम सोळाशे मीटरची आहे. सीताबर्डीची लढाई १८१७ मध्ये झाली आणि चारच वर्षांनी कन्हानकाठी इंग्रजांची कामठी छावणी उभी राहिली. आज तिथे गार्ड्स रेजिमेंटचे प्रशिक्षण केंद्र आहे. महालापासून ते पंधरा-सोळा किलोमीटरवर. या मुलांना मात्र ते फार लांब वाटते.

किती लांब, ते आकड्यांतच पाहू. २०२४ च्या पोलीस भरतीत राज्यात साडेसतरा हजारांच्या आत-बाहेर जागा होत्या आणि अर्ज आले १७ लाखांहून अधिक. म्हणजे एका जागेमागे शंभर अर्ज. सैन्याची गोष्ट याहून सोपी नाही. करोनामुळे २०२० ते २०२२ या काळात भरती मेळावे जवळजवळ बंद राहिले, आणि जून २०२२ मध्ये अग्निपथ योजना आली तेव्हा वय निघून गेलेल्यांचा आक्रोश रस्त्यावर आला. त्या एका वर्षापुरती वयोमर्यादा २१ वरून २३ करावी लागली.

या शंभरांतल्या एकाची चर्चा आपण करतो. त्याचा सत्कार होतो, चौकात फलक लागतो. उरलेल्या नव्व्याण्णवांचे काय होते, हा प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटतो. ते घरी जाताना काय घेऊन जातात? धडधाकट शरीर, की दुखरी नडगी आणि आयुष्यभराचा गुडघा?

परीक्षा उलटी, तयारीही उलटी

पूर्वी सैन्य भरतीत आधी मैदान आणि मग लेखी परीक्षा असे. २०२३ पासून हा क्रम उलटला. आधी संगणकावर सामायिक प्रवेश परीक्षा, त्यात निवडले गेले तर मैदान. पोलीस भरतीत याच्या नेमके उलट झाले. तिथे २०२२ च्या भरतीपासून आधी ५० गुणांचे मैदान, मग १०० गुणांची लेखी परीक्षा. दोन्ही क्रमांमागे प्रशासनाची आपापली कारणे आहेत. सैन्याला मैदानावरची गर्दी कमी करायची होती, आणि ते योग्यच होते. पण आमच्या गल्लीतला मुलगा दोन्हीकडे अर्ज भरतो. तो लेखीसाठी चार महिने खुर्चीला खिळतो, निकाल लागला की मैदानाची तारीख जवळ दिसते, आणि मग एकदम धावत सुटतो. बारावीच्या आदल्या रात्री पाठांतर करावे तशी त्याची ही तयारी असते.

आता धावेचे गणित पाहा. सैन्याच्या भरतीत १६०० मीटर साडेपाच मिनिटांच्या आत पुरे केले तर पूर्ण ६० गुण. पूर्वी पावणेसहा मिनिटांपुढे गेलेला बादच होई. २०२५ च्या भरतीपासून ही मुदत सव्वासहा मिनिटांपर्यंत वाढवून कमी गुणांचे आणखी दोन गट केले आहेत. सवलत शहाणपणाची आहे, पण चुरस एवढी की प्रत्येकाची नजर साडेपाचवरच. पोलीस शिपायाला हेच अंतर पाच मिनिटे दहा सेकंदांत कापले तर २० पैकी २० गुण. मुलींना ८०० मीटर दोन मिनिटे पन्नास सेकंदांत. साडेपाच मिनिटे म्हणजे चारशे मीटरची प्रत्येक फेरी साडेब्याऐंशी सेकंदांत. हा काही ऑलिम्पिकचा वेग नव्हे. अठरा वर्षांच्या निरोगी मुलाला सहा महिन्यांत तो साधता येतो. सहा आठवड्यांत साधायला गेला की घात होतो.

मागच्या उन्हाळ्यात चहाच्या टपरीवर असाच एक भेटला. पोटरीपासून घोट्यापर्यंत क्रेप बँडेज गुंडाळलेले. मी विचारले, "काय झालं रे पायाला?" म्हणाला, "काही नाही काकाजी, नडगी दुखून राहिली. महिना उरला न आता, रोज पाच-सात किलोमीटर मारतो." "डॉक्टरला दाखवलं का?" "दाखवलं. डॉक्टर म्हणते, बंद कर. बंद केलं तर भरती कशी होईन मी?"

त्याच्या प्रश्नाला माझ्याकडे सोपे उत्तर नव्हते. पण बँकेत आयुष्य काढलेल्या माणसाला त्याचे दुखणे ओळखू येते. तो शरीरावर उचल घेत होता. जमा काहीच नाही आणि उचल रोजची. धावण्याची ताकद ही आवर्ती ठेव आहे. दरमहा थोडे भरावे लागते, मधेच मोडली तर व्याज जाते, आणि शेवटच्या महिन्यात सगळे हप्ते एकदम भरून मुदतीचा लाभ मिळत नाही.

हाड उशिरा शिकते

ही उपमा झाली. आता त्यामागचे शास्त्र पाहू. माणूस धावू लागला की हृदय आणि फुप्फुसे काही आठवड्यांतच सुधारतात. दम कमी लागतो, आणि मुलाला वाटते आपण तयार झालो. पण स्नायूंना हाडाशी बांधणाऱ्या कंडरा आणि स्वतः हाडे यांना महिने लागतात. हाडावर नवा भार आला की शरीर आधी तिथला जुना भाग काढून टाकते आणि मग नवा, अधिक घट्ट भाग रचते. या काढण्या-रचण्याच्या मधल्या काळात, साधारण तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात, हाड उलट थोडे कमजोर असते. घराची जुनी भिंत पाडली आहे आणि नवी अजून वाळायची आहे, अशी ती अवस्था. नेमक्या त्याच वेळी दम वाढलेला मुलगा अंतर दुप्पट करतो. नडगीच्या हाडाला केसाएवढा तडा जातो तो तेव्हा. पहिल्यांदा साध्या एक्स-रेमध्येही तो बहुधा दिसत नाही, म्हणून घरचे म्हणतात, "काही नाही, नाटक आहे."

जगभरच्या सैन्यांनी हे दुखणे भोगले आहे. इस्रायली सैन्याच्या डॉक्टरांनी १९८० च्या दशकात पाहिले तेव्हा त्यांच्या एका अभ्यासातल्या जवळजवळ एकतृतीयांश नव्या जवानांच्या हाडांना प्रशिक्षणात असे तडे गेलेले आढळले. पुढली पंचवीस वर्षे ते यावर झगडले. बूट बदलून पाहिले, तळवे बदलून पाहिले. शेवटी मोठा फरक पडला तो दोन साध्या गोष्टींनी: रात्री किमान सहा तास झोप सक्तीची केली आणि एकूण चालण्याचे अंतर कमी केले. तड्यांचे प्रमाण निम्म्याहूनही खाली आले. आमच्या अभ्यासिकेतला मुलगा रात्री एकपर्यंत वाचतो आणि साडेचारला धावायला उठतो. झोप ही त्याच्या लेखी आळसाची खूण आहे!

त्यांच्या आणखी एका निष्कर्षाने मी चकित झालो. प्रशिक्षणाआधी दोन-तीन वर्षे बास्केटबॉलसारखे चेंडूचे खेळ नियमित खेळलेल्या मुलांची हाडे निम्म्याहून कमी प्रमाणात तडकली. नुसते धावून आलेल्यांना मात्र तसा लाभ दिसला नाही. कारण उघड आहे. सरळ धावताना हाडावर एकाच दिशेने, एकसारखे आघात होतात. खेळात मुलगा थांबतो, वळतो, उडी मारतो, आडवा जातो. हाड सर्व बाजूंनी भार सोसायला शिकते.

हे वाचले आणि मनात आले, थांबणे, वळणे, झुकांडी देणे हे तर खो-खो, कबड्डी आणि आट्यापाट्यांचे वर्णन आहे! त्या डॉक्टरांनी आपले खेळ तपासलेले नाहीत, पण तत्त्व तेच आहे. विदर्भाला या खेळांची परंपरा उसनी आणायची गरज नाही. अमरावतीचे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासून उभे आहे, आणि १९३६ मध्ये बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी याच मंडळाच्या चमूने तिथे देशी खेळांची प्रात्यक्षिके केली होती. महालातही संध्याकाळी पोरे मैदानावर असत. आता चौदाव्या वर्षी मूल शिकवणीला लागते, खेळ सुटतो, आणि अठराव्या वर्षी तेच मूल भरतीसाठी अचानक मैदान शोधू लागते. मधल्या चार वर्षांत हाडे जे शिकली असती, ते चार आठवड्यांत कोण शिकवणार?

विदर्भाच्या रक्तातला प्रश्न

यात एक गोष्ट खास आपल्या भागाची आहे, आणि तिच्याविषयी आपण बोलतच नाही. विदर्भात सिकलसेलचे प्रमाण मोठे आहे. आई-वडील दोघांकडून दोष आला तर मूल आजारी. एकाकडूनच आला तर मूल केवळ वाहक. वाहकाला एरवी काही त्रास नसतो, तो रोगी नव्हेच. म्हणून आपल्याकडे ही तपासणी निघते ती लग्नाच्या वेळी.

पण धावण्याशी तिचा संबंध आहे. १९७७ ते १९८१ या काळात अमेरिकी सैन्यात भरती झालेल्या सुमारे वीस लाख जवानांचा आढावा १९८७ मध्ये प्रसिद्ध झाला. कृष्णवर्णीय जवानांत, वाहक नसलेल्यांच्या तुलनेत वाहक असलेल्यांमध्ये प्रशिक्षणातल्या अकस्मात, कारण न सापडलेल्या मृत्यूचा धोका अठ्ठावीसपटींच्या घरात निघाला. अतिश्रम, उष्णता आणि पाण्याची तूट एकत्र आली की वाहकाच्याही लाल पेशी वाकड्या होऊ शकतात, स्नायू आतून तुटू लागतात आणि त्यांतले द्रव्य मूत्रपिंडात तुंबते.

गोष्ट इथेच थांबली असती तर वाहक मुलांना घाबरवण्यापलीकडे तिचा उपयोग नव्हता. पण २०१६ मध्ये सुमारे अठ्ठेचाळीस हजार कृष्णवर्णीय सैनिकांचा दुसरा मोठा अभ्यास आला. त्यात वाहकांमध्ये मृत्यूचे प्रमाण अधिक आढळलेच नाही. स्नायू तुटण्याचा धोका मात्र दीडपटीच्या आसपास होता. दोन अभ्यासांच्या मधल्या काळात तिथल्या सैन्याने सरसकट सर्वांसाठी नियम केले होते: पाणी किती प्यायचे, किती उन्हात किती काम आणि मग किती विश्रांती, श्रम कसे पायरीपायरीने वाढवायचे. रक्त तेच राहिले. बदलली ती शिस्त.

आपल्याला याहून मोठा धडा कोणता हवा? केंद्र सरकारने १ जुलै २०२३ रोजी शहडोलहून सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान सुरू केले आहे. तपासणी साधी आहे. भरतीच्या प्रत्येक इच्छुकाने ती तयारीच्या पहिल्याच आठवड्यात करून घ्यावी, आणि जोडीला हिमोग्लोबिनही पाहावे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९–२१ च्या फेरीत महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रिया आणि पाचांतला साधारण एक पुरुष रक्तक्षयी आढळला. रक्तच पातळ असेल तर फेरी ब्याऐंशी सेकंदांत येत नाही, आणि मुलगी स्वतःलाच दोष देत राहते.

उन्हाचेही तसेच. झारखंडमध्ये २०२४ च्या ऑगस्टअखेरीस उत्पादन शुल्क शिपायांच्या भरतीत तासाभरात दहा किलोमीटर धावायला लावले. दमट हवेत, ताटकळत बसलेल्या मुलांना. दहाहून अधिक उमेदवार दगावले. पुढे तिथल्या सरकारला नियम बदलून ते अंतर १.६ किलोमीटरवर आणावे लागले. मग हीच अक्कल आधी का नाही सुचली? नागपूरचा मे महिना ४५ अंशांपुढे जातो. शरीराला उन्हाची सवय व्हायला दहा ते चौदा दिवस लागतात. धावणारा अडखळू लागला, असंबद्ध बोलू लागला, तर त्याला "चल, हिंमत धर" म्हणणे हा गुन्हा आहे. त्याला सावलीत घ्यावे, अंगावर भरपूर गार पाणी ओतावे, वारा घालावा आणि दवाखान्यात न्यावे. धावेनंतर लघवी काळ्या चहासारखी झाली तरीही दवाखानाच. वेदनाशामक गोळी घेऊन उपाशीपोटी धावणे म्हणजे मूत्रपिंडाशी खेळणे. आणि मैदानाबाहेर कोणी इंजेक्शन देऊ केले तर तो हितचिंतक नव्हे, एवढे ओळखावे.

चोवीस आठवड्यांचा हिशेब

मी प्रशिक्षक नाही. पण जाणकारांचे सांगणे एकमताचे आहे आणि ते कोणत्याही घरात टाचणीने भिंतीला लावता येईल इतके सोपे आहे.

पहिले आठ आठवडे आठवड्यातून चारच दिवस धावावे, तेही शेजारच्याशी बोलता येईल अशा वेगाने. बोलता येत नसेल तर वेग जास्त आहे. सुरुवातीला धावणे आणि चालणे आळीपाळीने करत दोन-तीन किलोमीटर, पुढे पाचपर्यंत. आठवड्याचे एकूण अंतर मागल्या आठवड्यापेक्षा साधारण दहाव्या हिश्शाहून जास्त वाढवू नये, आणि दर चौथ्या आठवड्यात ते उलट कमी करावे. उरलेल्या दिवसांत एकदा-दोनदा कबड्डी किंवा फुटबॉल. शिवाय बैठका, टाचा उचलणे, सूर्यनमस्कार आणि आडव्या दांडीला लोंबून वर खेचणे. सैन्याच्या मैदानात धावेच्या साठ गुणांखालोखाल चाळीस गुण या दांडीचेच आहेत, हे पुष्कळ जण विसरतात.

पुढल्या आठ आठवड्यांत एक दिवस वेगाचा. चारशे मीटर ऐंशी ते नव्वद सेकंदांत, मग पुरेशी विश्रांती. असे चार वेळा, पुढे सहा वेळा. बाकीचे दिवस पूर्वीसारखेच सावकाश. शेवटच्या टप्प्यात वेगाचे दिवस दोन. घड्याळ लावून पूर्ण सोळाशे मीटर महिन्यातून एकदाच. रोज परीक्षा देणारा विद्यार्थी अभ्यास कधी करणार? अखेरच्या दहा दिवसांत अंतर निम्मे करावे. मैदानावर शिट्टी वाजली की सगळा घोळका पहिले शंभर मीटर जीव घेऊन पळतो, आणि तिसऱ्या फेरीत त्यातले निम्मे खांदे पाडतात. पहिली फेरी मुद्दाम आवरून धावणारा चौथ्या फेरीत पुढे असतो.

आहारात महागडे डबे नकोत. भिजवलेले चणे, शेंगदाणे-गूळ, डाळ-भात, पालेभाजी, जमेल त्याला दूध-अंडी, आणि सात-आठ तास झोप. नडगीला बोट लावून एकाच जागी टोचल्यासारखे दुखत असेल तर त्या दिवसापासून धावणे बंद आणि डॉक्टर. तीन आठवडे गेले तर एक भरती हुकेल. तडा वाढला तर सगळ्याच हुकतील. टपरीवरच्या त्या मुलाला द्यायचे उत्तर हेच आहे, आणि ते कटू आहे.

भरती झाल्यावर पुढे काय, तेही या मुलांनी समजून घ्यावे. प्रशिक्षण केंद्रात सोळाशे मीटरवर कोणी टाळ्या वाजवत नाही. तिथे पाच किलोमीटर, पाठीवर ओझे आणि हातात रायफल असते. अग्निवीराची एकूण नोकरी प्रशिक्षण धरून चार वर्षांची, आणि कायम होणार पंचवीस टक्क्यांपर्यंतच. २०२२ च्या अखेरीस प्रशिक्षणाला गेलेल्या पहिल्या तुकडीची चार वर्षे २०२६ च्या अखेरीस भरतात. चारांतले तिघे ऐन तरुणपणी घरी येतील. त्यांच्याजवळ सेवानिधीची रक्कम असेल; तिचे व्याज बँक मोजेल. गुडघ्याची झीज कोण मोजणार?

तेव्हा हा प्रश्न केवळ मुलांच्या हौसेचा किंवा हिमतीचा नाही. हिंमत त्यांच्याजवळ आहे, म्हणून तर ती अंधारात हमरस्त्यावर धावतात. मैदाने आपण मंडपांना, मेळ्यांना आणि प्रदर्शनांना दिली. शाळा-महाविद्यालयांच्या मैदानांना पहाटे कुलपे असतात. ती पाच ते सात या वेळात उघडली आणि दोन दिवे लावले, तर कोणाची तिजोरी रिकामी होणार नाही. भरतीचे वेळापत्रक सहा महिने आधी जाहीर करणे सरकारला अशक्य नाही. लाखो अर्जांचे शुल्क ते वेळेवर घेतेच. प्रत्येक वॉर्डातल्या दवाखान्यात भरतीच्या इच्छुकांसाठी रक्त तपासणीचा एक दिवस नेमता येईल. निवृत्त जवान आमच्या वस्त्यांत आहेत, क्रीडाशिक्षक आहेत. त्यांना आठवड्यातून दोन पहाटे मैदानावर बोलावता येईल.

यातले पहिले काम तर महालातले नागरिक आणि शाळांची व्यवस्थापने मिळून याच महिन्यात करू शकतात. शंभरांतल्या एकाला वर्दी मिळेल ती त्याच्या गुणांनी. उरलेल्या नव्व्याण्णवांना निदान शाबूत पाय घेऊन घरी जाता यावे, यासाठी मैदानाच्या फाटकाची किल्ली कोणाकडे आहे, एवढी चौकशी आपण उद्या सकाळी करायला काय हरकत आहे?